अशुद्ध शब्दांची वही

हरणाबाई साताऱ्याला आप्पासोंच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा नानासो पोह्यांची दुसरी बशी संपवत होते.

“दुभाषे आप्पासो हितंच ऱ्हात्यात का?” तिनं विचारलं. रात्रीच निघून, दोन मोटारी बदलून ती सांगलीहून आली होती. अंगावरचं जाडं लुगडं धुळीनं माखलं होतं आणि ओठ कोरडे पडले होते.

नानासोंनी तिला एका नजरेत जोखलं. माणदेशातली धनगरीण. कुंडलला त्यांच्या उसात मेंढरं शिरली की त्यांच्या तोंडून जे जे बाहेर पडत असे, ते सगळं आत्ता जिभेवर आलं. पण आपण इथं पाहुणे आहोत हे आठवून त्यांनी ते पोह्यांबरोबर गिळलं. पलटणीत हवालदार म्हणून अठरा वर्षं काढलेला माणूस. लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं, आणि पेन्शनच्या कागदांसाठी साताऱ्याला आले की ते आप्पासोंकडेच उतरत.

आप्पासो बाहेर आले. त्यांनी काही न विचारता आधी तिला तांब्याभर पाणी दिलं.

बावीस वर्षं ते कोर्टात दुभाषी होते. कानडी माणसाची साक्ष मराठीत सांगायची आणि मराठी माणसाची इंग्रजीत, हे त्यांचं काम. त्यात त्यांना एक खोड जडली. साक्षीदार जे बोलला तेच आणि तेवढंच सांगायचं, त्याला काय म्हणायचं असेल ते आपल्या पदरचं घालायचं नाही. या खोडीपायी दोन-तीन साहेब त्यांच्यावर चिडून होते, आणि बरीच गरीब माणसं सुटून घरी गेली होती. ते निवृत्त झाल्यावर लोक आपापल्या भानगडी घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. आप्पासोही त्या आवडीनं सोडवत.

“बोल, बाई,” ते म्हणाले. “काय झालंय?”

“माजं मालक, कोंडीबा. आमी म्हसवडकडचं. दिवाळीपास्नं मेंढरं घिऊन कृष्णाकाठाला हाय. परवा आवसंला मालक सांगलीच्या पेठंत बयाबाईंस्नी घोंगडं द्याया गेलं. बाई घरात न्हवत्या. वसरीवर बसलं, पानी प्यालं, घोंगडं ठिवलं आन् माघारी आलं. सांजच्याला पोलीस तळावर. म्हनं बाईंची मोत्याची चिंचपेटी गेली, ती तूच चोरली.”

“घावली का तळावर?”

“कुटनं घावंल? समदं बिऱ्हाड उस्कटलं तेंनी. पर शेजारच्या मास्तरांनी आयकलं म्हनं. घरामागल्या बोळात दोगं धनगरी बोलीत कुजबुजत हुतं, शेळीचं आन् काठीचं. मग धनगर कोन? त्या दिवशी पेठंत आल्याला माजाच मालक.” तिचा आवाज फाटला. “आज सांजच्याला तेंचं नाव हजेरीच्या वहीत घालनार हायती. मंग रोज चौकीत अंगठा. आन् येकाचं नाव चढलं की आमच्या तळाला कोन रानात बसू देईल? मेंढरं घिऊन जायाचं कुटं आमी?”

“माझ्याकडं कुणी धाडलं तुला?”

“म्हसवडच्या जत्रंत लोक सांगत्यात. तुमी मानसाचं बोलनं बदलत न्हाई म्हनं.”

आप्पासोंनी खुंटीवरची टोपी काढली. “नानासो, हात धुवा. सव्वाआठची मोटार गाठायची आहे.”

*

मोटारीत हरणाबाई पुढच्या बाकावर बसली. नानासो मागं आप्पासोंच्या कानाशी लागले.

“रागावू नगा, आप्पासो. पर या लोकांची बोलीच चोराची. आपल्या समूर येक, आन् आपसात दुसरंच कायतरी.”

“पलटणीत तुम्ही गोऱ्या साहेबासमोर काय बोलत होता? आणि तो गेल्यावर काय?”

नानासोंना हसू आलं. “ते येगळं.”

“वेगळं कसं?”

नेमका मोटारीला खड्डा लागला, म्हणून नानासो उत्तरातून सुटले. पण प्रश्न काही पोटातून गेला नाही.

सांगलीला पोचायला एक वाजला. पेठेतल्या चौकीत फौजदार शिंत्रे टेबलावर जाडं रजिस्टर उघडून बसले होते. गडी वाईट नव्हता, पण एकदा ठरवलेलं पुन्हा उकरायचा त्याला मनस्वी कंटाळा. त्यानं आप्पासोंना मास्तरांचा जबाब वाचून दाखवला. ‘दोन इसम धनगरी बोलीत शेळी व काठी यांजबद्दल संशयास्पदरीत्या बोलत असल्याचे ऐकिले.’

“शब्द कुठले होते?” आप्पासोंनी विचारलं.

“लिहिलेत की. शेळी, काठी.”

“हे तुमच्या कारकुनाचे शब्द झाले. बोळातल्या माणसांचे कुठले?”

“शेळीला शेळीच म्हणणार ना माणूस?” शिंत्रे वैतागले. “कोर्टातले म्हणून तुमचा मान ठेवतो. पाच वाजेपर्यंत काय ते करा. त्याच्या पुढं एक मिनिट थांबायचा न्हाई मी!”

कोठडीत कोंडीबा भिंतीला टेकून बसला होता. चाळिशीचा, उंच, काटक माणूस. बायकोला बघून तो उठला आणि त्यानं पहिली गोष्ट विचारली ती जनावरांची.

“मेंढरं कुनाजवळ हायती? दोन शेरडं गाबन हायती, तेंच्याकडं बघ.”

“अर्जुनाभावजी हायती तळावर,” हरणाबाई म्हणाली. “तुमी घोर करू नगा.”

“कोंडीबा,” आप्पासोंनी विचारलं, “शेळ्या किती तुझ्याकडं?”

“शेळ्या?” तो म्हणाला. “शेरडं म्हना की, मालक. शेळी तुमच्या पुस्तकात. आमच्यात समदी शेरडंच.”

“आणि तुझी काठी?”

“काठी बी काढून घेतली तेंनी. वडलांची काठी हाय ती, कळकाची. तेवढी मिळंल का?”

“मिळेल.” आप्पासो वळले. बाहेर आल्यावर ते नानासोंना म्हणाले, “ऐकलंत?”

“काय?”

“‘ळ’ आणि ‘ठ’. दोन्ही खणखणीत.”

नानासोंनी मान हलवली. समजलं काहीच नव्हतं, पण हवालदाराला मान हलवायची सवय असते.

*

सोहनी मास्तर पस्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले होते. स्वच्छ धोतर, ताठ मान, आणि बोलणं इतकं शुद्ध की नानासोंना पायातली वहाण काढून बसावंसं वाटलं.

“अशुद्ध बोललेलं माझ्या कानाला टोचतं,” मास्तर म्हणाले. “परवा दुपारी मागच्या पडवीत पडलो होतो. भिंतीपलीकडच्या बोळात दोघे कुजबुजत होते. ऐकताक्षणी ओळखलं. रानटी बोली!”

“तुम्ही काय ओळखलं ते नको, मास्तर. कानावर काय पडलं ते हवंय.”

मास्तरांना हा प्रश्न अपमानाचा वाटेल, असं नानासोंना वाटलं होतं. झालं उलटंच. मास्तरांचा चेहरा खुलला. त्यांनी फडताळातून एक लांबट वही काढली. पानापानावर दोन रकाने होते. डावीकडे ‘अशुद्ध’, उजवीकडे ‘शुद्ध’.

“नऊ वर्षं हा संग्रह करतो आहे. जे ऐकलं ते जसंच्या तसं, ऱ्हस्वदीर्घासकट. परवाचंही लगेच टिपून ठेवलं.” त्यांनी चष्मा चढवून वाचलं. “आवं, शुद्ध अहो. शेली, शुद्ध शेळी. काटी, शुद्ध काठी. न्हाई, शुद्ध नाही. रं, शुद्ध रे. मुळू, याचं शुद्ध रूप मिळालं नाही, बहुधा मूल असावं. मग पुन्हा काटी. बिचाऱ्यांची जीभच जड. ना ‘ळ’ धड, ना ‘ठ’ धड.”

“पण मुळूमध्ये तर ‘ळ’ आहे,” आप्पासो म्हणाले.

मास्तर वहीत बघत राहिले. “आहे खरा.”

“याच क्रमानं ऐकलंत?”

“याच क्रमानं. एक आवाज तरुण होता, दुसरा पोक्त.”

“मास्तर, तुमचे कान सोन्याचे आहेत,” आप्पासो उठत म्हणाले. “चार वाजता ही वही घेऊन बयाबाईंच्या ओसरीवर या. अगदी नक्की या.”

*

बयाबाई शेजारीच राहत. साठीच्या विधवा बाई. नवरा गेल्यावर हळदीची अडत चाळीस वर्षं त्यांनी ओसरीवर बसून चालवली होती. आता गुडघे धरले म्हणून पेठेतलं सगळं पुतण्या सयाजी बघे.

“सासूबाईंची चिंचपेटी ती,” बाई सुपारी कातरत म्हणाल्या. “तिचं मोल म्या कधी कुणाकडनं केलं न्हाई. नात मनुबाई, तिच्या लग्नात तिच्या गळ्यात घालायची म्हनून ठिवली हुती. परवा अमावास्या, म्हनून हरिपूरला संगमेश्वराला गेले. सांजच्याला येऊन बघते तर देवघरातला खण रिकामा.”

“कुलूप?”

“देवाला कसलं कुलूप?” त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. “खरं सांगू? कोंडीबा दर साली येतो. माजं मन घेत न्हवतं. पर मास्तरांसारखा शिकलेला मानूस सांगतोय म्हनल्यावर म्या काय बोलणार?”

“मास्तरांनी नेमके कुठले शब्द ऐकले, हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“धनगरी बोलत हुते म्हनाले. त्यात काय इचारायचं?”

 पुतण्या कुठं भेटेल एवढं विचारून आप्पासो निघाले.

पेठेत हळदीचे ढीगच्या ढीग पडले होते. माणसांचे कपडे पिवळे, पायांचे तळवे पिवळे, बैलांची शिंगंसुद्धा पिवळी. दलाल आणि खरीददार उपरण्याखाली हातात हात घालून उभे होते. बोटं दाबून भाव ठरत होता आणि तोंडं गप्प होती. नानासो तोंड उघडं टाकून बघत राहिले.

“आज लय गर्दी दिसती,” ते एका हमालाला म्हणाले.

“परवा आवस न्हवती का? सौदं बंद हुतं. कालच्यानं दोन दिसाचा माल सुटतोय.”

सयाजी पंचविशीचा, अंगावर रेशमी सदरा. त्याच्याजवळ नाथाजी दलाल उभा होता. पन्नाशी ओलांडलेला, डोक्यावर भलं मोठं पागोटं. दोघं एका शेतकऱ्याच्या मालाशी उभे होते. शेतकरी भाव विचारत होता आणि नाथाजी त्याच्या डोक्यावरून सयाजीला सांगत होता, “उधानू म्हण. आवारूला तोड.”

नानासो आप्पासोंच्या कानाला लागले. “कानडी दिसतंय. हद्द जवळ ना हितनं.”

“बावीस वर्षं कानडीवर पोट भरलं मी, नानासो,” आप्पासो म्हणाले आणि पुढं झाले. आपलं बरोबर आलं या समाधानात नानासो मागं गेले.

सयाजी मोकळेपणानं बोलला. “मी परवा दिवसभर हरिपूरला हुतो. पेव काढायचं हुतं. बारा हमाल लावलेले, मान वर करायला सवड न्हाई.” हरिपूरला नदीकाठी जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद साठवतात, हे नानासोंनाही ठाऊक होतं. “माज्या चुलतीला लय लागलंय वो. आन् त्या मेंढक्याला काय कळणार त्या वस्तूचं? सहाशे मागितलं आसतील, पाचशेला देऊन मोकळा झाला आसंल.”

“आणि तुम्हाला काय वाटतं, नाथाजी?”

“वाटायचं काय त्यात?” नाथाजीनं पागोटं सारखं केलं. “सरळ मानूस चार लोकांना कळंल आसं बोलतो. न कळणारी भाषा बोलतो तो चोर.”

“वाक्य ध्यानात ठेवतो,” आप्पासो म्हणाले. “चारला बयाबाईंच्या ओसरीवर या दोघं. बाईंनी बोलावलंय.”

*

चार वाजता ओसरी भरली. बयाबाई जात्याजवळ पाट टाकून बसल्या. मास्तर वही मांडीवर घेऊन खुर्चीत. सयाजी आणि नाथाजी खांबाशी. शिंत्रे सारखं घड्याळ बघत होते. दोन शिपायांच्या मधे कोंडीबा उभा होता, हातात बेड्या. हरणाबाई उंबऱ्याबाहेर बसली. आत ये म्हटलं तरी आली नाही. तिच्याकडे बघून नानासोंना उगीचच स्वतःचा राग आला.

“मास्तर, परवाचं पान काढा,” आप्पासो म्हणाले. “फक्त डावा रकाना वाचायचा. उजवा झाकून ठेवा. एक माणूस बोलतोय, दुसरा उत्तर देतोय, असं वाचा.”

मास्तरांनी उजव्या रकान्यावर तळहात ठेवला. “आवं, शेली काटी.” ते थांबले. “न्हाई रं, मुळू काटी.”

बयाबाईंच्या हातातला अडकित्ता थांबला.

“परत म्हना, मास्तर.”

“शेली काटी. मुळू काटी.”

“सहाशे,” बाई हळूच म्हणाल्या. “न्हाई रं, पाचशे.” त्या उठून उभ्या राहिल्या. दुखरे गुडघे त्या विसरल्या होत्या. “मास्तर, ही धनगरी कुटली? ही तर पेठंतली बोली! केवली, आवारू, उधानू, पोकू, मुळू, शेली, हे येकपास्नं सहापातुर. काटी म्हंजी शंभर. गिऱ्हाइकाला कळू नये म्हनून आमी भाव आसा बोलतो. माजं मालक मला लग्नाच्या पयल्या वर्षी हेच शिकवून गेले.”

 मास्तर वहीकडं असे बघत होते, जणू ती आपली नव्हेच.

“सांगा की कुणीतरी मला नीट,” शिंत्रे म्हणाले.

“सांगतो,” आप्पासो म्हणाले. “जुनी माणसं या बोलीला नंदभाषा म्हणतात. दलाल, सराफ, कापडवाले पिढ्यानपिढ्या ती बोलत आलेत. मी ती कोर्टात एका खटल्यात ऐकली होती, थोडीच. मला आकडे पाठ नाहीत. पण मास्तरांच्या वहीत मुळू दिसलं आणि तासाभरानं पेठेत उधानू आणि आवारू कानावर पडलं. तेव्हा हे शब्द एका घरचे आहेत एवढं कळलं. अर्थ सांगणारं माणूस याच ओसरीवर बसलं होतं. त्याला मूळ शब्द कुणी सांगितलेच नव्हते.”

“पण धनगर...” शिंत्रे म्हणाले.

“कोंडीबा, मेंढरासारखं जनावर असतं, दाढीवालं, दूध देतं. त्याला काय म्हणतोस?”

“शेरडू,” कोंडीबा म्हणाला.

“सारा माणदेश शेरडूच म्हणतो. तो शेळी म्हणणारच नाही, मग तिचं शेली कुठून करणार? काठीचा ठ तर तुम्ही कोठडीत रोज ऐकताय. मास्तरांचा कान चुकला नाही. शेली ऐकलं, शेली लिहिलं. पण लगेच उजव्या रकान्यात त्यांनी ते सुधारलं, कारण शेळी आणि काठी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर धनगर उभा राहिला. मुळूचं काही होईना, तर ते तसंच सोडलं. मग जबाबात तुमच्या कारकुनानं उजवा रकाना तेवढा घेतला. डावा कुणी वाचलाच नाही.”

“बाकीचे शब्द तर गावंढळ होते,” मास्तर कसेबसे म्हणाले. “आवं, न्हाई, रं...”

“न्हाई बाई म्हणतात. न्हाई हे आमचे नानासो म्हणतात. आणि चौकीत राग आल्यावर फौजदारसाहेबही म्हणाले. त्यावर धरायचं तर निम्मी सांगली आत घालावी लागेल.”

शिंत्र्यांच्या चेहऱ्यावर लाली चढली, पण ते हसले.

“ते शब्द मात्र फार कामाचे आहेत,” आप्पासो पुढं म्हणाले. “आवं कोण म्हणतो? धाकटा, थोरल्याला. रं कोण म्हणतो? थोरला, धाकट्याला. म्हणजे तरुण माणूस सहाशे मागतोय आणि पोक्त माणूस पाचशेला तोडतोय. चोरलेली वस्तू विकणारा तरुण, घेणारा पोक्त, आणि दोघं पेठेतले. वस्तू कुठं असते हे घरातल्याच माणसाला ठाऊक. आता मला एवढंच सांगा, सयाजीराव. बाईंनी चिंचपेटीचं मोल कधी केलं नव्हतं. जबाबात आकडा नाही, मास्तरांना तो कळला नव्हता. सहाशे मागितले आणि पाचशेला दिली, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

सयाजीनं नाथाजीकडं बघितलं. नानासोंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पेठेत आपण शेजारी उभे होतो, ते वाक्य आपल्या कानांवरून गेलं, आणि आपण ते तसंच जाऊ दिलं!

“म्या... म्या तर अंदाजानं बोललो,” सयाजी म्हणाला. “परवा मी हितं न्हवतोच. हरिपूरला पेव काढत हुतो.”

“आवसंला?” बयाबाई गरजल्या. “आवसंला पेवाचं तोंड कोन उघडतं रं? चाळीस वर्सांत मी बघितलं न्हाई! आन् मी सोता परवा हरिपुरात हुते. एक हमाल न्हवता नदीवर.”

सयाजी खांबाला धरून खाली बसला. “समदं मनुबाईला,” तो पुटपुटला. “दुकान मी वढतो आन् समदं मनुबाईला.”

“मागितलं आसतंस तर म्या न्हाई म्हनले आसते का रं?” बाईंचा आवाज एकदम पडला. त्यात रागापेक्षा दुःख जास्त होतं, आणि ते ऐकवत नव्हतं.

नाथाजी दाराकडं सरकत होता. नानासो आडवे आले. पलटण सुटली तरी छाती तशीच होती.

“सरळ मानूस चार लोकांना कळंल आसं बोलतो, न्हवं?” नानासो म्हणाले. “आता बोला की सरळ.”

नाथाजी सरळ बोलला. चिंचपेटी त्याच्या घरी, धान्याच्या कणगीत. शिपाई गेला आणि तिची पुरचुंडी घेऊन आला. बाईंनी ती उलगडली, मोती बोटांनी चाचपले, आणि डोळ्याला पदर लावला.

“आप्पासो,” नानासो खालच्या आवाजात म्हणाले, “मी त्याला कानडी समजलो.”

“पेठेतला माणूस न कळणारं बोलला, तेव्हा तुम्ही त्याला कानडी म्हणालात. मेंढक्या न कळणारं बोलतो, तेव्हा चोराची बोली म्हणता.”

नानासोंचे कान तापले. त्यांना पुष्कळ सबबी सुचल्या, पण एकही तोंडातून काढण्यासारखी नव्हती. “चुकलं माजं,” ते म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं.

सोहनी मास्तर उठले. कोंडीबासमोर जाऊन उभे राहिले. इतकं शुद्ध बोलणारा माणूस, पण त्यांना वाक्य जुळवता येईना.

“माझ्यामुळे...” ते म्हणाले. “मी ऐकलं ते बरोबर होतं. मी... समजलो ते चूक.”

कोंडीबानं बेड्यांसकट हात जोडले. “तुमी लिवून ठिवलं म्हनून सुटलो, मास्तर,” तो म्हणाला. त्याच्या मनात टोमणा नव्हता, म्हणूनच ते बोलणं मास्तरांना जास्त लागलं.

*

चौकीत शिंत्र्यांनी स्वतःच्या हातानं बेड्या काढल्या आणि कोंडीबाची काठी त्याला परत दिली. रजिस्टर मिटून फडताळात गेलं. दुसरा एक कागद टेबलावर आला. कारकुनानं शाईची गादी पुढं सरकवली.

“ह्याच्यावर अंगठा कर आणि जा.”

कोंडीबानं हात पाठीमागं नेला. “कसला कागुद?”

“सुटल्याचा. ‘सदर इसमाविरुद्ध कोणताही पुरावा न आढळल्याने त्यास मुक्त करण्यात येत असून त्याचे नाव...’”

कोंडीबाला त्यातला एक शब्द कळत नव्हता. त्यानं हरणाबाईकडं बघितलं. तिलाही कळत नव्हता. दोघांच्या चेहऱ्यावरची भीती नानासोंनी बघितली. दोन दिवस या माणसाचं बोलणं कुणाला कळलं नव्हतं, आणि आता सुटकेचं बोलणं त्याला कळत नव्हतं.

“द्या इकडं,” आप्पासो म्हणाले. त्यांनी कागद हातात घेतला आणि बावीस वर्षं केलं तसं, एकही शब्द न गाळता आणि एकही पदरचा न घालता सांगायला सुरुवात केली. “ह्यात आसं लिवलंय, कोंडीबा. तुज्याइरुद्द कसलाबी पुरावा घावला न्हाई. म्हनून तुला सोडून देत्यात. हजेरीच्या वहीत तुजं नाव घातलं न्हाई, आन् घालनार न्हाईत. तुजी मेंढरं घिऊन तू कुटंबी जाऊ शकतोस. खाली फौजदारांची सई हाय.”

कोंडीबानं कागदावर बोट ठेवलं.

“वहीत नाव न्हाई?”

“न्हाई,” फौजदार शिंत्रे म्हणाले.

हरणाबाई तोंडात पदर कोंबून रडायला लागली. नानासोंनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. कोंडीबानं अंगठा शाईत बुडवला, कागदावर नेला आणि तिथंच थांबवला.

“मालक,” तो आप्पासोंना म्हणाला, “आजून येकदा वाचा.”

आप्पासोंनी कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. कुणी घाई केली नाही.